आत्याची पाण्यातली बटणं

आमची आत्या कोटांची काजबटणं करते. शिंपी मास्तरांच्या दुकानात मागच्या खिडकीलगत तिचं स्टूल आहे. मास्तर घसा खाकरत येतात आणि म्हणतात, "बाई, गिऱ्हाईक उभं आहे हं... म्हणजे बसलंय, पण मनातून उभं आहे." आत्याच्या दातांत दोरा असतो, त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य "म्म"ने सुरू होतं. "म्म, मनातूनही बस म्हणावं."

गावाबाहेरच्या ओढ्यात पाय सोडून बसणं ही तिची एकुलती एक चैन. तिथेच एकदा तिला ती दिसली: पाण्यातल्या दगडाला घट्ट चिकटलेली गोल, चपटी, तपकिरी बटणं. नखाने काढायला गेली तर निघेनात. "माझ्यापेक्षा पक्कं शिवलंय कुणीतरी," म्हणत तिने अख्खा दगडच घरी आणला. घरी एक सुटलं, ते उलटं केलं, तर खाली पाय.

कोटाच्या मापाला आलेले एक शिक्षक म्हणाले, "अहो, ही अळी आहे. हिचा भुंगेरा होतो. पंख येतात."

झालं. तेव्हापासून आत्याच्या डोक्यात एकच खूळ: ते पंख उघडताना एकदा बघायचे.

न्हाणीघरात टब आला, टबात ओढ्याचे दगड, शेजारी गुरगुरणारा हवेचा पंप. बाबा दाराशी टॉवेल घेऊन उभे असायचे. "ताई, तुझ्या बटणांची आंघोळ उरकली असेल तर आमचीही होऊ दे."

वर्षं गेली. अळ्या वाढायच्या, मग एखादी टबाच्या काठावर चढायची. आत्या हातातलं टाकून धावायची. "कुठे निघालीस गं बाई? सुकून जाशील." आणि बोटाने अलगद पुन्हा पाण्यात. पुन्हा चढली की पुन्हा पाण्यात. काही दिवसांनी ती तळाशी मरून पडलेली दिसायची, आणि त्या दिवशी आत्या "म्म"सुद्धा म्हणायची नाही.

तिला स्वतःलाही एकदा दूरच्या एका नाटक कंपनीने राजेराण्यांचे पोशाख शिवायला बोलावलं होतं. आजोबा म्हणाले, "तिथे तुझं आहे कोण? इथे काय कमी आहे?" भरलेली पेटी तिने उपसली.

गेल्या वर्षी आत्या तापाने अंथरुणाला खिळली. टबाकडे कुणीच बघितलं नाही. बरी झाल्यावर झाडताना तिला टबामागच्या ओल्या विटेखाली एक रिकामं कवच सापडलं, पाठीवर उकललेलं. वीट हातात धरून ती उकिडवी बसून राहिली.

"अगं, निघाला की एक," मी म्हटलं.

"मी आजारी होते म्हणून निघाला," ती म्हणाली. "इतकी वर्षं निघालेल्यांना मीच आत ढकलत होते."

यंदा तिने टबात ओल्या वाळूचा उतार केला, त्यावर एक दगड ठेवला, वरून जाळी ताणली. एक अळी चढायला लागली. आत्याने हात पाठीमागे धरले. ते पुढे यायचे, ती पुन्हा मागे घ्यायची. अळी दगडाखाली गेली.

मास्तरांकडे तिने सुट्टी मागितली.

"किती दिवस?"

"ते तिला माहीत."

"कुणाला?"

"दगडाखाली आहे तिला."

मास्तरांनी घसा खाकरला आणि तिचं स्टूल भिंतीकडे सरकवून ठेवलं.

भुंगेरा आला तो भर दुपारी. मसुरीच्या दाण्याएवढा, काळपट. वरच्या काकू खास उतरून आल्या. "एवढ्यासाठी? असले माझ्या पिठात निघतात." आत्याचं लक्षच नव्हतं. तिने जाळी काढली. तो काठावर येऊन बसला, बसूनच राहिला. आत्या वाकून एकटक बघत होती. बघता बघता डोळे पाण्याने भरले, काही दिसेना, म्हणून तिने ते बाहीने पुसले.

बाही खाली आली तेव्हा काठ रिकामा होता.

"पंख कसे होते?" मी विचारलं.

आत्या उघड्या खिडकीशी उभी होती, ओढ्याच्या बाजूला तोंड करून.

"असतील चांगले," ती म्हणाली. मग खिडकीबाहेर वाकून, "पोचेल ना गं तो तिथवर?"