सफरचंदाची पिशवी

शेजारच्या नलूकाकूंनी गॅलरीतल्या ब्रोमेलियाड नावाच्या शोभेच्या झाडावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली होती. आत झाडाशेजारी एक पिकलेलं सफरचंद होतं, आणि पिशवीला आतून घाम फुटला होता.

"सफरचंदामुळे झाड लवकर फुलतं," काकू म्हणाल्या. "आमच्या मीनूच्या साखरपुड्याला फुलाचा तुरा हवाच."

तुरा आला, लालभडक. त्याच्याशेजारी मीनूला उभं करून सगळ्यांनी फोटो काढले. हे झाड जन्मात एकदाच फुलतं आणि मग वाळत जातं. त्याचं मरण अलीकडे ओढायचं आणि वर त्याला हौस म्हणायचं!

आता मीनू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. डोळे खोल गेलेत, पण काकू खुशीत आहेत. आज त्या त्याच झाडाच्या बुंध्याशी फुटलेलं पिल्लू, म्हणजे नवं रोप, सुरीने कापून वेगळं करत होत्या.

"या जुन्याचं काय करणार?" मीनूने विचारलं.

"काय करायचंय? त्याचं काम झालं."

काकू कुंडी आणायला आत गेल्या. मीनूने आपल्या पेल्यातलं पाणी त्या वाळक्या पानांमध्ये हळूहळू ओतलं.

"अगं, त्याच्यावर पाणी कशाला वाया घालवतेस?" काकू दारातूनच खेकसल्या. "पिल्लाला घाल!"