दर्यापारची देवी

केळशीच्या रावजींच्या देव्हाऱ्यात चांदीचे टाक मांडलेले, त्यातला एक जरा वेगळा. लहान, जाड, कडेला वेडावाकडा. रावजींच्या पणजीला तो खाडीच्या तोंडाशी वाळूत सापडला होता. एका अंगाला बसलेली बाई, दुसऱ्या अंगाला पुरुषाचं डोकं. पणजीने बाईला देवी मानलं आणि पुरुषाचं तोंड भिंतीकडे केलं. ते तसंच राहिलं.

रावजींचा जन्म गेला मालवाहू बोटींवर, खलाशी म्हणून. मागे बायको, कमळा, दर अमावास्येला तो टाक चिंचेने लख्ख घाशी आणि म्हणे, "आई, त्यांना सुखरूप आण." सुट्टीवर आलेले रावजी चिडवत, "इतकी घासू नको गो, पळून जायची!"

"तुमच्यासारखी पळणारी नाय ती," कमळा म्हणे.

कमळा जाऊन तीन वर्षं झाली. यंदा नवरात्राच्या तोंडावर सून शमिका रत्नागिरीहून आली. देव पुसता पुसता ती थबकली. मागच्या पुरुषाच्या डोक्याभोवती पुसट अक्षरं होती, आणि ती आपली नव्हेत. तिने फोटो काढून कॉलेजातल्या इतिहासाच्या जुन्या सरांना पाठवला. उत्तर आलं तेव्हा रावजी ओटीवर सुपारी कातरत होते.

"बाबा, हे रोमचं नाणं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं. डोकं तिबेरियस बादशहाचं."

अडकित्ता थांबला. "म्हंजे देवी नाय ती?"

"बाई शांतिदेवता असावी, नाहीतर बादशहाची आई. नक्की कोणालाच माहीत नाही. आणि चिंचेने घासू नका म्हणालेत सर, झिजतंय."

दुपारी रावजी ताटावर बसले, पण मनात तेच घोळत होतं. कमळाने जन्मभर हात जोडले, ते कोणा परक्या मुलखातल्या बाजाराच्या पैशाला? अखेर त्यांनी विचारलं, "पण इथवर आलं कसं ते?"

"गलबतातून. व्यापारी यायचे, वाऱ्याचा हंगाम धरून."

रावजींनी डुलणाऱ्या माडांच्या शेंड्यांकडे पाहिलं. त्या वाऱ्याला ते ओळखत होते. एडनच्या बंदरातून घरी निघालं की तोच पाठीशी असे. मग हळूच हसले.

"म्हंजे तीसुद्धा दर्यावरनंच आली गो. तिला वाट ठाऊक होती. कमळाने बरोबर माणसाला सांगितलंन."

घटस्थापनेला सवयीने भिजवलेली चिंच त्यांनी समईला लावली. नाणं ओंजळीत घेऊन नुसत्या पाण्याने धुतलं, कमळाच्या जुन्या लुगड्याच्या पदराने टिपलं आणि जागेवर ठेवलं. बादशहाचं तोंड भिंतीकडे.