कार्टूनवरचा वाद

नागपूरच्या आमच्या फिल्म सोसायटीतले एक गृहस्थ दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होते. सिनेमा सुटला की चहाच्या टपरीवर दर वाक्याला "काहून गा?", म्हणजे "का बरं?", असं विचारून ते आम्हाला भंडावून सोडत.

एका रविवारी जपानी कार्टून सिनेमा दाखवला. त्यात बॉम्बनं शहर जळत होतं आणि आई मुलीला हाका मारत फिरत होती. कार्टूननं एवढं दुःख दाखवावं का, यावर आमचा वाद पेटला. मी म्हणालो, "शेवटी चित्रंच ती."

त्यांनी कप खाली ठेवला. "मी रोज बॉम्ब भरतो गा. खाली कोण राहते, ते मले आज दिसलं."

त्यानंतर ते सोसायटीत आले नाहीत. रोज सकाळी डबा घेऊन कारखान्याच्या बसमध्ये चढताना मात्र दिसायचे. मी हात केला, की मान फिरवायचे.