जरा पाठ टेकून बसा

शेजाऱ्याच्या भिंतीला खेटून पाया खणताना पलीकडं कोण बसलंय, हे तुम्ही कधी डोकावून पाहिलंय का? नाही ना? मग आमच्या आत्याची गोष्ट ऐकाच.

आत्या म्हणजे कुणाची सख्खी आत्या नव्हे, खोदकामाच्या टोळीची मुकादम. तिनं इथं आवाज टाकला की गल्लीच्या टोकाचा माणूसही बिडी विझवतो. नवी नवरी होती तेव्हापासून डोक्यावर माती वाहिली. एका कामावर शेजारच्या घराची भिंत खड्ड्यात आली आणि थोरल्या जावेचा पाय चेचला. जाऊ आजही बसूनच स्वयंपाक करते. तेव्हापासून आत्याचा हट्ट एकच: जुन्या घरालगतचे खड्डे एकदम उघडायचे नाहीत. एक खणा, काँक्रीट भरा, घट्ट होऊ द्या, माती चोपून बुजवा. मगच पुढचा.

मागं एका नव्या इमारतीच्या कामात तीन कॉलमचे खड्डे शेजारच्या शिंपीकाकांच्या भिंतीला लागून होते. काकांची एकच खोली: भिंतीशी खाट, खाटेपुढं शिलाई मशीन. जुना पाया जेमतेम गुडघाभर, नवा खड्डा छातीएवढा. म्हणजे जुन्या पायाखालची मातीच निसटणार. इंजिनीअरनं नकाशावर आत्याचंच म्हणणं लिहून दिलं होतं. मालकानं नकाशा गाडीत टाकला आणि खोदायचं यंत्र बोलावलं.

"तिन्ही खड्डे आजच. काँक्रीटची गाडी काय रोज रोज येते?"

"मग माझी टोळी नाही, मालक."

"नसू दे. तुझ्यासारख्या छप्पन्न मिळतील."

आत्यानं घमेलं आपटलं आणि तरातरा काकांच्या खोलीत शिरली. मला वाटलं, पिशवी उचलून घरी निघाली. कसलं काय! खाटेवर मांडी घालून, भिंतीला पाठ लावून बसली. मागोमाग टोळीतल्या बायका. मी मजुरांची मोर्चेवाली, त्या दिवशी टोळीला भेटायला आलेली; ठिय्या देणं हे तर माझं रोजचंच. मीही बसले.

काका सुईत दोरा ओवत म्हणाले, "भिंत यायला लागली तर आधी कळेल ना गं?"

"कळेल की. पाठीला."

मालक दारात उभा. "काय तमाशा लावलाय?"

"तमाशा कसला? चालू करा तुमचं यंत्र. फक्त तुम्हीही या. भिंतीला काही होत नाही म्हणता ना? मग जरा पाठ टेकून बसा."

बाहेर यंत्र घरघरत होतं. सगळे बघतायत म्हटल्यावर मालक आत आला, खाटेच्या कडेवर टेकलाही. पण पाठ काही भिंतीला लागेना.

"टेका, टेका," काका म्हणाले, "शर्टाला चुना लागला तर झटकून देतो."

मालक ताडकन उठला. "बंद कर रे ते!" बाहेर बघून ओरडला.

यंत्र माघारी गेलं. आत्यानं भिंतीला लाकडी टेकू दिले, जुन्या चिरेवर काचेची पट्टी चिकटवली. चीर हलली की काच तडकते. आधी टोकाचे खड्डे, एक संपल्यावर दुसरा; मधला सगळ्यात शेवटी. नवी इमारत उभी राहिली, काच अजून अखंड आहे. काका मात्र धुळीवरून आत्याला अजून ऐकवतात.

तुम्हीही कधीतरी घर बांधाल. कुदळ मारण्याआधी शेजाऱ्याचं दार वाजवा, आत जा आणि त्याच्या भिंतीला पाठ टेकून बसा. पाठ टेकवली नाही, तर खणू नका.