लेथ थांबतानाचं एक मिनिट

मोबाइलच्या स्टँडचा तिसरा पाय उघडत नव्हता. अण्णा लेथवर वाकलेले, लेथच्या गोल, फिरत्या पकडीत, म्हणजे चकात, धरलेला रॉड फिरतोय, आणि मी खाली बसून त्या पायाशी झटतेय...

उद्यमनगरातलं आमचं छोटं वर्कशॉप. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चौतीस वर्षं चालवलेला लेथ विकला गेला होता, दुसऱ्या दिवशी क्रेन येणार होती. त्याआधी मला अण्णांचं काम करतानाचं एक मिनिट हवं होतं.

मी शिकत होते त्या विद्यापीठात एक जपानी दिग्दर्शक आले होते. सकाळी त्यांचे सिनेमे, दुपारी कार्यशाळा. त्यांनी दिलेला अभ्यास सोपा होता... कॅमेरा हलवायचा नाही, एक मिनिट, एकच टेक. बिघडला तर बिघडला. आम्ही शूट करताना ते स्वतः येऊन बाजूला उभे राहायचे, सोबत दुभाषी मॅडम.

पाय एकदाचा उघडला, मी मोबाइलवर रेकॉर्ड दाबलं आणि ते दोघे दारात आले. अण्णांनी मान वर केली. स्विच बंद केला.

"अण्णा, चालू ठेवा ना! टेक चालू आहे."

"पावणं दारात उभं हाईत आणि मी मशीन चालवत बसू व्हय? येडी हाईस का काय!"

मग समोरच्या टपरीकडं हाक. "चार च्या पाठव रं! साखर जरा जास्त टाक, पावणं लई बारीक हाईत."

मॅडमनी हेही भाषांतर करून सांगितलं असावं. दिग्दर्शक हसले, कमरेत वाकले. अण्णांनी खांद्यावरच्या टॉवेलनं स्टूल पुसून पुढं केलं. मिनिट संपलं... मी चहाला हात लावला नाही.

संध्याकाळी विद्यापीठाच्या हॉलमध्ये सगळ्यांची मिनिटं दाखवली. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारी.

पडद्यावर आमचा लेथ, भिंतीएवढा. माझं ओरडणं, अण्णांचं ओरडणं. आणि त्या सगळ्याखाली चक फिरत होता... पट्ट्यावर चालणारं जुनं मशीन, बंद केलं तरी लगेच थांबत नाही. दुपारचं ऊन त्यावर गोल गोल, हळू, आणखी हळू. अण्णांचं तोंड दाराकडं होतं, पण उजवा हात मागे गेलेला. तळवा चकावर टेकलेला. तो पूर्ण थांबेपर्यंत त्यांनी हात काढला नाही... मगच टॉवेल घेतला.

मॅडम म्हणाल्या, "सर विचारताहेत, पुन्हा एकदा बघता येईल का?"

पुन्हा लावलं. अण्णा माझ्याकडं झुकले.

"हात ठिवतो व्हय गं मी? मला ठावंच न्हवतं."

मलाही नव्हतं. लहानपणापासून तिथं लेथशेजारी बसून अभ्यास केला, तरीही... दारात नेमक्या वेळी आल्याबद्दल त्या पाहुण्यांचे आभार मानायचे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला क्रेन आली. साडेनऊला लेथ टेम्पोत चढला. अण्णांनी फरशी धुतली आणि आम्ही घरी आलो.