माफी त्याच पानावर

पेपरच्या ऑफिसात रद्दी आणि किस्से सारख्याच वेगानं साठतात. रद्दी निदान रद्दीवाला घेऊन जातो, किस्से मात्र माझ्यासारख्या उपसंपादक बाईच्या डोक्यात पडून राहतात. त्यातले निम्मे आमच्या साळवे सरांचे. सर वृत्तसंपादक, स्वभावानं कडक आणि मनानं लोणी!

* * *

सर नोकरीला लागले तेव्हा खेड्यांतल्या बातम्या एसटीनं यायच्या. वार्ताहर पाकीट कंडक्टरच्या हातात द्यायचा. एकदा देवगाव रंगारीहून पावसाची बातमी आली, आणि खाली वेगळ्याच अक्षरात एक ओळ, "पुढं दौलताबादलाही झाला, मी स्वतः भिजलो. कंडक्टर."

सरांनी दौलताबादला फोन लावून खात्री केली आणि ती ओळ छापली. बातमीच्या वर नाव टाकलं, "आमच्या वार्ताहराकडून व कंडक्टरकडून"!

* * *

आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळं 'आज पाणी कुठं' ही चौकट म्हणजे पेपरचा प्राण. एकदा जाहिरातींच्या गर्दीत तीच राहिली. सकाळपासून फोन, फोन आणि फोन! सिडकोतल्या एका काकूंचा फोन नेमका आमच्या संपादकांनीच उचलला.

काकू म्हणाल्या, "तो अग्रलेख नसला तरी चालंल हो, पाण्याचं छापत जा!"

त्यांना काय माहीत, अग्रलेख लिहिणाराच फोनवर आहे. पण संपादक दिलदार माणूस. दुसऱ्या दिवसापासून ती चौकट त्यांनी अग्रलेखाच्या शेजारी घेतली. म्हणाले, "आता जाता जाता माझंही वाचतील!"

* * *

क्रांती चौकात पेपर विकणारे खालिदचाचा रोज सकाळी रिक्षावाल्यांना आमचा मराठी पेपर दखनीत वाचून दाखवतात. एकदा सर हळूच मागं जाऊन उभे राहिले. चाचांनी पाऊस वाचला, क्रिकेट वाचलं, खुनाची बातमी सरळ गाळली.

सरांनी विचारलं, "चाचा, वो खबर छोड दी?"

"सुबे सुबे कायकू मूड खराब करना साब? वो शाम कू पढता मैं!"

सर ऑफिसात येऊन म्हणाले, "पहिलं पान लावायला माणूस मिळाला. विचारलं, पण तो यायला तयार नाही."

* * *

सरांचा एक नियम आहे. चूक ज्या पानावर, माफी त्याच पानावर, आणि तीही दुसऱ्याच दिवशी. एका रस्त्याच्या बातमीत, पाठपुरावा करून तो रस्ता करवून घेणाऱ्या गृहस्थांऐवजी पहिल्या पानावर फोटो छापून आला नगरसेवकाचा. नगरसेवकाचा फोन आला, "राहू द्या ना सर, मला चालतंय!"

"तुम्हाला चालणारच! रस्ता ज्यांनी करून घेतला त्यांना चालतंय का, ते बघतो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर त्या गृहस्थांचा फोटो, माफीसकट. म्हणून तर लोक आमच्या पेपरावर डोळे झाकून विश्वास ठेवतात. मला तर याचा लई अभिमान वाटतो.

* * *

आणि हा देवगावचा किस्सा. तिथले आमचे वार्ताहर जाधव भलतेच तत्पर. गावातल्या वयस्कर मंडळींच्या निधनवार्ता ते आधीच मोबाइलमध्ये टाइप करून ठेवायचे, ऐनवेळी घाई नको म्हणून! गावात एक आजोबा वारले, आणि जाधवांनी चुकून पाठवली भलत्याच तात्यांची वार्ता. फोटोसकट, हळहळीसकट छापूनही आली!

दुपारी तात्या ऑफिसात हजर. मागं जाधव, मान खाली. सरांनी हात जोडले. "तात्या, चूक आमची. उद्या त्याच पानावर माफी छापतो."

"नका छापू."

सरांनी विचारलं, "का?"

"आवो, कन्नडचा भाऊ वाटणीवरनं बोलत नव्हता. पेपर वाचून धावत आला, मला ओट्यावर बघून गळ्यात पडला. अजिंठ्याची बहीणबी तवापासनं बोलत नाय, ती तेवढी आली नाय अजून. उद्या माफी छापली तर ती कशाला येतीय?"

सरांनी तात्यांना खुर्ची दिली. म्हणाले, "तात्या, पेपरावर भरवसा ठेवून लोक रडतायत. त्यांना आणखी एक दिवस खोट्यात ठेवणं मला जमणार नाही. माफी उद्याच येणार. बहिणीचा नंबर द्या."

तात्यांकडं नंबरच नव्हता. जाधवांनी अजिंठ्याच्या आमच्या एजंटाकडून मिळवला. सरांनी स्पीकरवर फोन लावला.

"मावशी, पेपरच्या ऑफिसातून बोलतोय. तुमच्या भावाची बातमी चुकीची होती. तात्या माझ्यासमोर बसलेत, धडधाकट."

तात्या टोपी हातात घेऊन फोनकडं बघत बसले. पलीकडून हुंदका आला, आणि बाई म्हणाल्या, "सकाळपासून रडतीय मी. यायला तोंड नव्हतं."

"फोन त्यांच्याकडं देऊ?"

"द्या." मग आवाज एकदम चढला. "दादा? जित्ता हायेस व्हय? तिथंच थांब, हलू नको. मी निघाले. लई भांडायचंय तुझ्याशी!"