वाढलेलं सेरीन

प्रयोगशाळेत सगळे ज्यांना काका म्हणायचे, ते मदतनीस एकतीस वर्षं सी अर्चिन कापत होते. समुद्राच्या तळाशी राहणारे हे काटेरी गोळे. कात्रीने कवच कापायचं, आतले पाच पिवळे बीजकोश अलगद काढायचे, बाटलीत घालायचे. पुढे यंत्र त्यांतली अमिनो आम्लं मोजायचं.

मी साहित्याचा पदवीधर. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या शोधनिबंधाची भाषा तपासायला आलो आणि काकांच्या टेबलाशी बसू लागलो.

"एखादी कविता म्हण रे," ते म्हणायचे. "माझी बडबड ऐकून हे गोळे कंटाळलेत."

मॅडमचा तीन वर्षांच्या कामातला शोध असा होता: अंडी सोडायच्या दिवसांत बीजकोशांत सेरीन नावाचं आम्ल एकदम वाढतं. निबंधाच्या लेखकांत काकांचंही नाव होतं. पहिल्यांदाच. ते पान काकू फ्रेम करून लावणार होत्या.

एक वाक्य वाचून मी विचारलं, "सर्व नमुने हातमोजे घालून काढले. बरोबर ना, काका?"

त्यांनी कात्री खाली ठेवली.

"त्या दिवसांत बीजकोश लोण्यासारखे होतात रे. मोज्यांतून निसटतात. फाटले की जीव फुकट गेला. म्हणून तेवढ्यापुरते मोजे काढतो."

"त्याने काय होतं?"

"घामात सेरीन असतं. बोटाचा एक ठसा पुरतो. पहिल्याच दिवशी शिकवलं होतं मला."

मी आवाज खाली आणला. "कुणाला कळणार आहे? गप्प बसा ना."

"अरे शहाण्या, तीन वर्षं माझा घाम मोजतायत ते." ते हसले. मग उठून मॅडमच्या खोलीत गेले.

पुढच्या हंगामात मोजे घालून नमुने काढले. सेरीन वाढलं नाही. निबंध छापायला गेलाच नाही. मॅडम ओरडल्या नाहीत. कात्री दुसऱ्याकडे दिली, काकांना टाक्या धुवायला सांगितलं. आठवड्याभरात ते येईनासे झाले.

मी त्यांच्या घरी गेलो. काकूंनी दार उघडलं. "बघ बाबा, तुझ्याशी तरी बोलतात का."

काका खिडकीशी बसले होते. दाढी वाढलेली.

"तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत," मी म्हणालो.

"आणि त्याआधीचं?" त्यांनी विचारलं. "अठ्ठावीस वर्षं. कितीतरी पोरं माझ्या नमुन्यांवर पीएच.डी. झाली. तेव्हाही मोजे काढायचो मी."

काकूंनी आणलेला चहा मी उभ्यानेच संपवला.